गोदावरी नक्की निघते कुठून? त्र्यंबकची गोष्ट, ब्रह्मगिरीचा दगड आणि गुरूचं गणित

मागच्या महिन्यात पुतणी पुण्याहून आली होती, तिला त्र्यंबकला घेऊन गेलो. मंदिरात दर्शन झालं, कुशावर्तावर (गावातलं स्नानाचं कुंड) पाय धुतले, आणि परतताना गाडीत ती म्हणाली, काकू मला एक कळलं नाही, देवळाच्या बाहेर एकजण म्हणाला गोदावरी कुशावर्तात उगम पावते, चहाच्या टपरीवर दुसरा म्हणाला नाही हो, वर गंगाद्वारला, आणि शाळेच्या पुस्तकात तर ब्रह्मगिरी लिहिलेलं, मग खरं काय? आता सिंहस्थ, म्हणजे नाशिक-त्र्यंबकचा कुंभमेळा, जवळ आलाय, नाशिकबाहेरचे पाहुणे हाच प्रश्न परत परत विचारणार, शिवाय "12 वर्षांनीच का" हा दुसरा प्रश्न ठरलेला. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

## आधी गोष्ट, कारण गोष्टीतच अर्धं उत्तर आहे

शिवपुराणात कोटिरुद्रसंहिता नावाचा भाग आहे, त्यात त्र्यंबकची कथा येते. लहानपणी आपण ती "गौतमांच्या हातून गाय मेली, मग त्यांनी गंगा आणली" एवढीच ऐकलेली असते. पण ती सुरू गायीपासून होतच नाही. ती सुरू होते दुष्काळापासून.

100 वर्षं पाऊस नाही, झाडं वाळली, माणसं आणि जनावरं निघून गेली. गौतम ऋषी आणि त्यांची बायको अहिल्या याच ब्रह्मगिरी डोंगराजवळ राहायचे. गौतमांनी वरुणाची आराधना केली आणि पाऊस मागितला. वरुणाने पाऊस दिला नाही! पाऊस पाडणं माझ्या हातात नाही म्हणाला, दुसरं काही माग. मग गौतम म्हणाले, निदान कधी न आटणारं पाणी दे. त्यावर वरुणाने एक हातभर खड्डा खणायला सांगितला आणि तो पाण्याने भरला. मला गोष्टीतली ही जागा फार महत्त्वाची वाटते. वरून पडणारं पाणी नाही मिळालं, जमिनीतलं मिळालं. हे डोक्यात ठेवा, पुढे दगडाचं सांगताना लागणार आहे.

पाणी आहे कळल्यावर बाकीचे ऋषी बायकामुलांसकट तिथे राहायला आले. शेती पिकली, झाडं आली. आणि मग एक दिवस पाण्यावरून भांडण झालं. गौतमांचे शिष्य पाणी भरायला गेले, तिथे ऋषिपत्नी आल्या होत्या, त्या म्हणाल्या आधी आम्ही भरणार. शिष्यांनी जाऊन अहिल्येला सांगितलं, ती स्वतः आली, त्यांना पाणी भरून दिलं, आणि तिथून पुढे रोज तीच पाण्याला यायला लागली. तरी कुरबुर थांबली नाही, त्या बायकांनी घरी जाऊन नवऱ्यांना भलतंच सांगितलं, आणि ऋषींनी ठरवलं की गौतमाला इथून घालवायचं. ज्याने पाणी आणलं त्यालाच.

त्यांनी गणपतीची पूजा करून हेच मागितलं. गणपतीने त्यांना समजावलं की हे बरं नाही, उपकार करणाऱ्याचं वाईट करू नका, पण ते ऐकेनात, शेवटी तो एक मरतुकडी गाय होऊन गौतमांच्या शेतात शिरला. गौतमांनी हातातल्या गवताच्या काडीने तिला हाकललं, आणि काडी लागताच गाय पडली, मेली. गोहत्या झाली म्हणून सगळे ओरडले आणि गौतम-अहिल्येला आश्रमाबाहेर काढलं.

पुढचं साधारण सगळ्यांना माहीत असतं. प्रायश्चित्त म्हणून ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा, एक कोटी पार्थिव लिंगांची पूजा (पार्थिव म्हणजे मातीची, करून पूजा करायची आणि विसर्जन करायचं), शंकर प्रसन्न झाले, गौतमांनी गंगा मागितली, गंगा म्हणाली मी राहीन पण शंकर-पार्वती इथेच राहणार असतील तर. म्हणून शंकर इथे त्र्यंबक म्हणून राहिले. त्र्यंबक म्हणजे तीन डोळ्यांचा. आणि गंगा झाली गौतमी, म्हणजेच गोदावरी. गो-दा, गायीला जीवन देणारी, अशी नावाची फोड परंपरेत सांगतात.

## पण गाय खरी नव्हतीच, मग प्रायश्चित्त कशाचं?

हे पुतणीनेही विचारलं, आणि योग्यच विचारलं. पुराणातही हा प्रश्न येतो. शंकर स्वतः गौतमांना म्हणतात की तू निष्पाप आहेस, कपट त्यांनी केलं, पापी ते आहेत. त्यावर गौतम काय म्हणतात, तर त्यांनी हे केलं नसतं तर तुझं दर्शन मला कुठून झालं असतं, त्यांनी माझ्यावर उपकारच केलेत. आणि गंगा प्रकट झाल्यावर ते ऋषी आंघोळीला आले तर गंगा त्यांना दर्शन द्यायला तयार नाही, तेव्हा त्यांच्यासाठी हात जोडणारे पण गौतमच! म्हणजे नदी आली ती ज्यांनी छळलं त्यांच्यासाठी पण आली. मी ही गोष्ट आजीकडून ऐकली तेव्हा हा भाग ती नेहमी थांबून सांगायची.

ब्रह्मपुराणात हीच कथा थोडी वेगळी आहे. तिथे शंकराच्या जटेत बसलेली गंगा पार्वतीला खटकते, मग गणपती योजना करतो आणि पार्वतीची सखी जया गाय होते. त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या माथ्यावर एक जागा दाखवतात, शंकराने इथे जटा आपटल्या म्हणून, ती या जटेच्या गोष्टीशी जुळते. दोन पुराणं, दोन पाठ, कुठला खरा कुठला खोटा म्हणून भांडत बसण्यात अर्थ नाही, गाय-गौतम-गंगा हा कणा दोन्हीकडे एकच आहे.

## देवळात पिंड का दिसत नाही?

पहिल्यांदा जाणारा माणूस इथे हमखास गोंधळतो. बाकी शंकराच्या देवळात शाळुंकेतून वर आलेली पिंड असते. त्र्यंबकला ती नाही. तिथे उखळासारखा खळगा आहे, आणि त्या खळग्यात अंगठ्याएवढी तीन लहान लिंगं, ब्रह्मा, विष्णू आणि महेश. त्यात पाणी झिरपत असतं. लांबून दर्शन घेताना खळग्यातलं दिसावं म्हणून वर आरसा लावलाय, त्यात बघायचं. गर्दीत पुढे ढकलले जाताना आरसा बघायचं राहून जातं, म्हणून आधीच सांगते.

12 ज्योतिर्लिंगांपैकी हे एक (ज्योतिर्लिंग म्हणजे जिथे शंकर प्रकाशाच्या रूपात प्रकट झाले असं मानतात ती जागा). आत्ताचं काळ्या दगडाचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं, 1755 ला काम सुरू झालं आणि 1786 ला संपलं, म्हणजे नानासाहेब 1761 ला गेले तरी काम पुढे 25 वर्षं चालू होतं. याच देवळातला हिरा, ज्याला जग नासक हिरा म्हणून ओळखतं, तो 1818 च्या इंग्रज-मराठे युद्धात इंग्रजांनी नेला तो गेलाच. आज मंदिर भारतीय पुरातत्त्व विभागाचं संरक्षित स्मारक आहे.

लिंग झिजतंय का असंही लोक विचारतात. जानेवारी 2023 मध्ये मंदिर काही दिवस बंद ठेवून वज्रलेप केला होता. वज्रलेप म्हणजे झिजलेल्या दगडाला घट्ट करणारा लेप. सतत पाणी आणि वर रोजचे पूजा-अभिषेक, दगड आहे तो, झिजणारच.

मला खरं सांगायचंय ते हे की या देवळात पूजा उंचवट्याची नाही, खळग्याची आहे, आणि खळग्यात पाणी आहे. वरुणाने दिलेला हातभर खड्डा आठवा. हा तोच खड्डा असं कोणी म्हणत नाही, मीही म्हणत नाही, पण इथल्या गोष्टीत आणि इथल्या गाभाऱ्यात दोन्हीकडे जमिनीतून येणारं पाणी आहे, आणि त्याचं कारण डोंगरात सापडतं.

## डोंगराच्या पोटात काय चाललंय

ब्रह्मगिरी साधारण 1,300 मीटर उंच. सगळा बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीचा रस थंड होऊन झालेला काळा दगड. आपला बहुतेक महाराष्ट्र याच दगडाचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा रस एकदम नाही आला, एकावर एक थर येत गेले.

भाकऱ्यांची चवड डोळ्यासमोर आणा. प्रत्येक भाकरीचं खालचं अंग घट्ट आणि वर फुगलेला पापुद्रा, मध्ये पोकळी. लाव्ह्याच्या थराचं तसंच असतं, मधला भाग घट्ट, आणि वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र. आता चवडीतल्या काही भाकऱ्या चिरलेल्या आहेत समजा, आणि वरून पाणी ओतलं. पाणी चिरेतून खाली जाणार, खाली एखादी न चिरलेली घट्ट भाकरी लागली की थांबणार, मग आडवं सरकत सरकत पापुद्र्यातून कडेला येणार आणि तिथून टपकणार. डोंगराच्या कडेला जिथे असं टपकतं त्याला आपण झरा म्हणतो. बस, एवढंच आहे.

आता त्र्यंबकला पाऊस बदाबदा पडतो, वर्षाला 2,000 मिलिमीटरच्या आसपास, आणि जेमतेम 30 किलोमीटरवरच्या नाशिक शहरात त्याच्या निम्म्याहूनही कमी, कारण सह्याद्रीचा कडा ढगांना अडवतो आणि बहुतेक पाणी तिथेच सांडतं. ते पाणी ब्रह्मगिरीच्या डोक्यावर मुरतं, चिरांमधून उतरतं, एका थरावर बाहेर येतं, परत खालच्या चिरेत शिरतं, दिसेनासं होतं, आणि अजून खाली परत बाहेर येतं.

आता गोष्टीतला पुढचा भाग बघा. गंगा गंगाद्वारला औदुंबराच्या फांदीतून प्रकटली, मग गुप्त झाली. खाली परत दिसली, परत गुप्त. शेवटी गौतमांनी कुश नावाचं गवत टाकून तिला अडवलं, तेच कुशावर्त. तिथून पुढे गंगा पळाली नाही.

प्रकट, गुप्त, प्रकट, गुप्त. ज्या माणसांनी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती याच डोंगरावर पाणी शोधत फिरलेली असणार असं माझं मत आहे, त्यांना भूगर्भशास्त्र हा शब्द नव्हता माहीत पण पाणी कुठे दिसतं आणि कुठे लपतं हे चांगलं माहीत होतं.

## मग उगम नेमका कुठला?

तिन्ही. टपरीवाला पण बरोबर, देवळाबाहेरचा पण बरोबर आणि पुस्तक पण.

पाणी मुरतं ते ब्रह्मगिरीवर, माथ्यावर गोदावरीचं मूळ स्थान म्हणून देऊळ आहे. ते पहिल्यांदा दर्शन देतं गंगाद्वारला, डोंगराच्या मध्यावर, सातशेच्या वर पायऱ्या चढून जावं लागतं, उन्हाळ्यात गेलात तर तिथे धार नसते, थेंब असतात, आणि पहिल्यांदा जाणारा म्हणतो एवढंच? हो, एवढंच. 1,465 किलोमीटर जाणारी नदी इथे ओंजळीत मावते. आणि सगळ्यांना सहज हाताशी येणारं, आंघोळीला पुरेल असं पाणी मिळतं ते गावात कुशावर्तात, म्हणून स्नानाचं तीर्थ तेच. नळाचं पाणी कुठून येतं विचारलं तर कोणी धरण सांगेल, कोणी टाकी, कोणी तोटी, तसं आहे हे.

आणखी एक, जे नाशिककरांनाही पटकन सांगता येत नाही. या त्र्यंबकच्या डोंगररांगेतून वैतरणा पण निघते, आणि ती पश्चिमेला वळून अरबी समुद्राला जाते. मुंबईकरांच्या नळाला जे पाणी येतं त्यातलं बरंचसं वैतरणेवरच्या धरणांचं. म्हणजे एका डोंगररांगेवर पडलेला पाऊस, इकडच्या उतारावर पडला तर आंध्रातल्या राजमहेंद्रीला जाणार आणि तिकडच्या उतारावर पडला तर मुंबईच्या घराघरात. अरबी समुद्र त्र्यंबकपासून सरळ रेषेत 80 किलोमीटरच्या आसपास आहे, तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून अख्खं पठार ओलांडून बंगालच्या उपसागराला जाते, कारण उतार तिकडे आहे.

## गंगा तर हिमालयात, मग ही गंगा कशी?

नाशिकमध्ये आजही गोदावरीवर जाऊन येतो असं जुनी माणसं म्हणत नाहीत, "गंगेवर जाऊन येतो" म्हणतात. ब्रह्मपुराण सरळ सांगतं की विंध्याच्या दक्षिणेला जी गंगा तिला गौतमी म्हणतात आणि उत्तरेला जी आहे ती भागीरथी. म्हणजे एका राजाच्या तपाने आलेली एक आणि एका ऋषीच्या तपाने आलेली एक, आणि दोन्ही बहिणी. जमिनीवर दोघींचा काही संबंध नाही, गंगेचं पाणी भुयारातून इकडे येतं वगैरे जे फॉरवर्ड फिरतात त्यावर विश्वास ठेवू नका, मध्ये नर्मदा आहे, तापी आहे, डोंगर आहेत. पण नाव मात्र नदीबरोबर शेवटपर्यंत गेलं. आंध्रात समुद्राजवळ गोदावरीचे फाटे होतात, त्यातला एक वसिष्ठ आणि एक गौतमी! त्र्यंबकच्या ऋषीचं नाव तेलुगू लोक रोज घेतात.

## 12 वर्षांनीच का?

सिंहस्थ म्हणजे गुरू ग्रह सिंह राशीत असणं. एवढाच अर्थ. घरात लग्न ठरवताना "सिंहस्थ लागतोय, त्याआधी उरका" असं ऐकलं असेल, तोच हा.

आकाशातल्या सूर्याच्या वाटेचे 12 भाग केले, त्या 12 राशी. गुरूला हा सगळा फेरा मारायला 11.86 वर्षं लागतात. 12 थांबे असलेली एसटी समजा, प्रत्येक थांब्यावर साधारण वर्षभर उभी राहणारी. आपल्या थांब्यावर ती परत यायला जवळजवळ 12 वर्षं. शिवपुराणात गौतमांच्या कथेच्या शेवटी सगळे देव आणि तीर्थं गंगेला सांगतात की गुरू सिंहेत येईल तेव्हा आम्ही सगळे इथे येऊ. म्हणून सिंहस्थ.

पण 11.86 म्हणजे पूर्ण 12 नाही. दर फेऱ्याला 0.14 वर्ष उरतं, सात फेऱ्यांत जवळपास एक वर्ष. म्हणून 83-84 वर्षांत एकदा मेळा 11 वर्षांनीच येतो. हरिद्वारला हेच झालं, 2010 नंतर कुंभ 2022 ऐवजी 2021 ला भरला, तेव्हा खूप जणांना वाटलं की काहीतरी चुकलंय. चुकलं नव्हतं, गुरू कुंभ राशीत लवकर पोचला होता.

या वेळच्या सिंहस्थाची गंमत अजून वेगळी आहे. जाहीर कार्यक्रमात ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आणि समाप्ती 24 जुलै 2028 ला. एवढा लांब कसा? कारण गुरू सरळ चालत नाही असं आपल्याला पृथ्वीवरून दिसतं. शेजारच्या ट्रॅकवरच्या गाडीला आपली गाडी मागे टाकते तेव्हा ती गाडी उलटी चाललीय असं वाटतं ना, तसं पृथ्वी गुरूला मागे टाकताना गुरू मागे सरकल्यासारखा दिसतो, त्याला वक्री म्हणतात. या खेपेला तो सिंहेत येतो, मागे कर्केत जातो, परत सिंहेत, मग कन्येत, परत मागे सिंहेत, आणि मग कायमचा बाहेर. मुख्य स्नानं मात्र 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, पावसाळ्यात, जेव्हा कुशावर्ताला खरंच पाणी असतं.

## कुंभ की सिंहस्थ? आणि नाशिक की त्र्यंबक?

प्रयाग आणि हरिद्वारला कुंभ, नाशिक-त्र्यंबक आणि उज्जैनला सिंहस्थ, कारण या दोन ठिकाणी गुरू सिंहेत लागतो. अमृताच्या कुंभातले थेंब चार ठिकाणी सांडले ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण त्र्यंबकच्या स्वतःच्या कथेत अमृत नाही, तिथे दुष्काळ आहे. मला वाटतं आपल्याकडच्या लोकांनी ही आपली गोष्ट आधी सांगावी, अमृताची नंतर.

स्नानाच्या जागा दोन कारण शैव संन्याशांचे आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर आणि वैष्णव साधूंचे तीन अनी, म्हणजे गट (निर्वाणी, निर्मोही, दिगंबर), नाशिकला रामकुंडावर, अशी वाटणी जुनी आहे. वारकऱ्यांचं त्र्यंबक याहून वेगळंच, ते येतात पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या समाधीला, याच ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, निवृत्ती चुकून गुहेत शिरले आणि तिथे गहिनीनाथ भेटले, तिथून ज्ञानेश्वरांपर्यंत ते ज्ञान आलं असं मानतात. त्यावर वेगळं लिहायला हवं.

## एवढा पाऊस पडतो तर दुष्काळाची गोष्ट इथलीच कशी?

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. 2,000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जागी पाण्याचा खड्डा मागायची वेळ का यावी?

भाकरीची चवड परत आठवा. त्यात पाणी साठत नाही, फक्त वाहून जातं. मुरमाड किंवा वाळूची जमीन स्पंजसारखी पाणी धरते, बेसाल्ट नाही धरत, चिरांमध्ये जेवढं मावेल तेवढंच. उताराची जमीन, चार महिने धो धो, दिवाळीनंतर झरे बारीक, होळीनंतर बरेच बंद. त्र्यंबकेश्वर तालुक्यात वरच्या पाड्यांवर एप्रिल-मे मध्ये टँकर लागतो, विहिरीच्या तळाशी बाया उतरतात आणि वाटीने पाणी हंड्यात भरतात, ते फोटो दर वर्षी पेपरात येतात. आधी कोणी भरायचं यावरून तिथे आजही बोलाचाली होते. गोष्टीतल्या ऋषिपत्नींना मी लहानपणी वाईट समजायचे, आता नाही समजत, 100 वर्षं पाऊस नसताना लेकरं घेऊन एका खड्ड्यापाशी आलेल्या बाया होत्या त्या.

चिरांमध्ये पाणी मुरायला वेळ लागतो आणि तो वेळ त्याला झाडं आणि गवत देतात, पाणी अडवून. म्हणून डोंगरावरची झाडं गेली किंवा पायथा फोडला की झऱ्याला लगेच फरक पडतो. आणि खाली गावात तर नदीवरच स्लॅब टाकलाय, त्र्यंबक गावातून गोदावरी काँक्रीटखालून जाते, लोक तिच्यावरून चालतात आणि त्यांना माहीत नसतं. हा विषय राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. नाशिकला रामकुंडाच्या तळाला काँक्रीट घातल्याने जिवंत झरे बंद झाले म्हणून लोक वर्षानुवर्षं भांडतायत, आणि 2025 च्या शेवटी साधुग्रामसाठी (सिंहस्थात साधूंना राहायला उभारतात ती वस्ती) नाशिकच्या तपोवनातली झाडं तोडायचं निघालं तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. त्यात कुणी देवाच्या विरोधात नव्हतं. मीही गेले होते, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजी दर सिंहस्थाला स्नान करतात, हा त्यांचा सहावा असणार आहे.

पुतणीला पुढच्या खेपेला गंगाद्वारला घेऊन जाणार आहे. पावसाळ्यात नाही, मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे लवकर, ऊन चढायच्या आत. तिथे छोट्या देवळात गोमुखाखाली हात धरायचा आणि ओंजळ भरायला किती वेळ लागतो ते मोजायचं असं आमचं ठरलंय.